मिग : एक परीक्षण

पुस्तकांची परीक्षणं पुष्कळ झाली. आज एका शब्दाचं करतो. दोनच अक्षरं असल्यामुळे ते पूर्ण वाचून लिहिलं आहे. परीक्षकांच्या रिवाजाला हे सोडून आहे, पण इलाज नाही.

नुसतं ओझर म्हटलं की लोक हात जोडतात. ते विघ्नेश्वराचं ओझर जुन्नरकडचं. नाशिकजवळचं आमचं ते ‘ओझर मिग’. १९६४ साली इथे विमानांचा कारखाना आला आणि गावाला हे आडनाव चिकटलं. आता तिथे सुखोई होतात, पण ‘एक ओझर सुखोई द्या’ असं कंडक्टरला कुणी म्हणत नाही.

‘मि’ म्हणजे मिकोयान, ‘ग’ म्हणजे गुरेविच. आणि मधली वेलांटी? रशियन भाषेत ‘इ’ म्हणजे ‘आणि’! दोन भागीदारांची आख्खी पाटी एवढ्याशा जागेत. शिवाय रशियनमध्ये ‘मिग’ हा शब्द मुळातच आहे. अर्थ क्षण, आपल्या निमिषासारखा, डोळ्याच्या उघडझापेवरून आलेला. पोलिश माणूस ‘झटकन’ म्हणतानाही हाच शब्द वापरतो. डेन्मार्क-स्वीडनमध्ये मात्र ‘मिग’ म्हणजे ‘मला’. लिहितात ‘ग’ आणि बोलताना गिळतात. अंबडच्या वर्कशॉपात तेच इंग्रजीतून आलेलं वेल्डिंग. एवढ्याशा शब्दाने किती ठिकाणी नोकरी धरावी!

शब्दात दोष एकच. तो फार हलका वाटतो. आमच्या मामांनी चौतीस वर्षं ही विमानं जोडली, मग दुरुस्त केली. अपघात झाला की वर्तमानपत्रं ‘उडती शवपेटी’ छापायची. त्या दिवशी मामा पेपर उलटा घडी घालून ठेवत आणि जेवताना बोलत नसत. आपण सही केलेलं तर नसेल, हा हिशोब चालू असे. वैमानिकाला खुर्चीचा दांडा ओढायला जेवढा वेळ मिळतो, त्यालाही रशियनमध्ये मिगच म्हणतील. हे मी मामांना कधी सांगितलं नाही.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं. मामा टीव्हीसमोर ताठ बसून होते. वातावरण हलकं करावं म्हणून मी वेलांटीची गंमत सांगितली. त्यांनी हातातल्या पेपरच्या कडेला ‘मिग’ लिहिलं, थोडा वेळ बघत राहिले.

“वेलांटी म्हणजे ‘आणि’ ना? मग ‘ग’ला पण एक द्यायची होती रे. पुढे आमची नावं आली असती.”