मूकपटातील उघड भास आणि ऐतिहासिक चित्रपटातील सत्याचा दावा

आरंभीचे मूकपट साधे पण प्रामाणिक होते आणि आजचे ऐतिहासिक चित्रपट भव्य पण खोटे आहेत, असे मत जाणत्या चित्रपटरसिकांकडून वारंवार व्यक्त होते. एरवी हा अभिरुचीचा प्रश्न म्हणून सोडून देता आला असता. परंतु मार्च २०२५ मधील घटनांनंतर निदान नागपुरात तरी तो तेवढाच राहिलेला नाही. म्हणून या मताची चिकित्सा आवश्यक ठरते.

'मूकपट' या एका नावाखाली हे मत दोन भिन्न वृत्ती एकत्र करते, ही त्यातील पहिली अडचण होय. दादासाहेब फाळके यांच्या 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटाच्या प्रारंभी त्यांची कन्या मंदाकिनी निरनिराळे मुखाभिनय करून दाखविते आणि त्यानंतर तीच बालकृष्ण म्हणून पडद्यावर अवतरते. ही लहान मुलगी आहे, ती आता कृष्ण होणार आहे, हे दिग्दर्शक आधीच सांगून टाकतो. 'लंकादहन' (१९१७) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या. तरीही राम दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढून ठेवीत, असे सांगितले जाते. येथे भास उघड आहे आणि भक्तीला त्याची बाधा होत नाही. फाळके यांचा प्रामाणिकपणा आहे तो हाच. तो तंत्राच्या साधेपणातून आलेला नाही, कारण युक्तिदृश्यांत फाळके त्या काळी कोणालाही हार जाणारे नव्हते.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांची वाट मात्र निराळी होती. रंगभूमीचे पडदे रंगविणाऱ्या या कलावंताने चित्रपटात रंगविलेल्या पडद्यांऐवजी घनाकार देखावे उभे केले. 'सैरंध्री' (१९२०) मधील कीचकवध इतका खरा वाटला की ते दृश्य सेन्सॉरच्या कात्रीत सापडले. 'सिंहगड' (१९२३) मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. भास लपावा, पाहणाऱ्याला 'हे असेच घडले' असे वाटावे, ही पेंटर यांची आकांक्षा होती. आजचा ऐतिहासिक चित्रपट फाळके यांचा नव्हे, तर पेंटर यांचा वारस आहे.

'सिंहगड'चा आधार इतिहास नव्हता, ह. ना. आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी होती. या कादंबरीतील कमलकुमारी हे कल्पित पात्र होय. जवळजवळ शंभर वर्षांनी ओम राऊत यांच्या 'तान्हाजी' (२०२०) मध्ये उदयभानाने पळवून आणलेली विधवा राजपूत स्त्री कमलदेवी या नावाने पुन्हा भेटते. कादंबरीच्या शीर्षकातील उद्गारावरून गडाला नाव मिळाले ही समजूतही अशीच दृढ आहे. वास्तविक १६७० च्या मोहिमेपूर्वी, १६६३ च्या पत्रव्यवहारातच 'सिंहगड' हे नाव आढळते. तेव्हा खोटेपणाचा आरोप एकट्या नव्या चित्रपटावर करणे न्याय्य नाही. शिवाय 'सिंहगड' आज उपलब्धच नाही. त्याची थोरवी रसिक सांगतात ती ऐकीव आहे, आणि न पाहिलेल्या कलाकृतीत दोष सापडत नसतात!

असे असले तरी रसिकाच्या तक्रारीत तथ्य आहेच. मूकपट शब्दांच्या बाबतीत गरीब होता. दोन पाट्यांच्या मधली जागा प्रेक्षकाने आपल्या स्मरणाने, थिएटरातील पेटी-तबल्याच्या साथीने, शेजाऱ्याच्या शेऱ्याने भरावयाची असे. आजच्या चित्रपटात ती जागा संवाद, पार्श्वसंगीत आणि संगणकीय दृश्ये पूर्णपणे व्यापून टाकतात. कोणाचा द्वेष करावा हेही पार्श्वसंगीतच सांगते. आरंभी काही क्षण झळकणारे 'कल्पनास्वातंत्र्य घेतले आहे' हे निवेदन म्हणजे कायदेशीर तरतूद. मंदाकिनीच्या मुखाभिनयाची सर त्याला येत नाही.

'छावा' (२०२५) हा लक्ष्मण उतेकर यांचा चित्रपटही शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवरच आधारलेला आहे. प्रदर्शनापूर्वी त्यातील लेझीमनृत्यावर आक्षेप घेण्यात आला व ते दृश्य वगळण्यात आले. तो आक्षेप प्रतिष्ठेविषयी होता. कादंबरी कोठे संपते आणि साधने कोठे सुरू होतात, हा प्रश्न त्या वादात मागेच राहिला. १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरातील महाल परिसरात हिंसाचार झाला, संचारबंदी लागली. या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग जागा झाल्याचे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. चित्रपटामुळे दंगल झाली असे म्हणणे हे कार्यकारणभावाचे सुलभीकरण ठरेल. कबर हटविण्याची मागणी, अफवा आणि स्थानिक राजकारण यांचा त्यात वाटा होता. परंतु खुलताबादची कबर तीन शतकांहून अधिक काळ तेथेच होती आणि सावंतांची कादंबरी १९७९ पासून घरोघरी वाचली जात होती. कादंबरी वाचताना आपण कादंबरी वाचत आहोत, याचे भान वाचकाला असते. पडद्यावरील अखेरच्या छळदृश्यांत दिग्दर्शकाने ते भान प्रेक्षकाला क्षणभरही राहू दिलेले नाही.