श्टोंक आणि शे

चार्ली चॅप्लिनच्या 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये (१९४०) टोमेनिया नावाच्या देशाचा हुकूमशहा हिंकेल भाषण ठोकतो. भाषा कुठलीच नाही. जर्मनसारखा घशातला खरखराट, मधूनच खोकल्याची उबळ, आणि अर्थ लावू जावं तर श्निट्झेल, सावरक्राउट असे जेवणाच्या ताटातले शब्द. लोकशाही, स्वातंत्र्य, भाषणाची मुभा या तिघांचा तो एका दमात निकाल लावतो आणि तिघांपुढे एकच शब्द आपटतो : श्टोंक.

हा श्टोंक मला फार महत्त्वाचा वाटतो. जागा क्रियापदाची आहे, पण त्याला ना पुरुष, ना वचन, ना काळ. खऱ्या जर्मनमध्ये 'मी करतो' हे 'इख माखऽ', 'तू करतोस' हे 'डू माख्स्ट' आणि 'तो करतो' हे 'एर माख्ट'. माणूस बदलला की शेपूट बदलतं. हिंकेलच्या भाषेत माणूस बदलतच नाही, कारण तिथे बोलणारा एकटाच आहे. चॅप्लिनला जर्मन भाषेची टर उडवायची नव्हती. ती भाषा ओरबाडून वापरणाऱ्या माणसाची उडवायची होती, आणि तो माणूस तेव्हा युरोप गिळत होता.

आता मोबाइल हातात आहेच, तर 'अहिराणी कॉमेडी' शोधा. चांगली रीलं आहेत, पोट धरून हसवणारी आहेत, ज्यांना भाषा येते अशांचीही आहेत. पण त्यांच्या गर्दीत एक वेगळी जात आहे. तिची कृती सोपी : पुण्याची मराठी घ्यायची, डोक्यावर टोपी घालायची आणि वाक्याच्या शेवटी 'शे' चिकटवायचं. 'मी तुला सांगतो शे.' 'आई कुठं गेली शे?' झाली अहिराणी. हे शुद्ध श्टोंक आहे.

कारण 'शे' म्हणजे 'आहे', आणि त्याला त्याची शिस्त आहे. 'तो घर शे' म्हणजे तो घरी आहे. अनेक असतील तर 'शेतस'. 'मी हाई काम करेल शे' म्हणजे मी हे काम केलेलं आहे. पण 'सांगतो'च्या मागे 'शे' येत नाही, कारण अहिराणीत मुळात 'सांगतो'च नाही. 'मी तुले सांगस.' आत्ता, या क्षणी सांगणं चालू असेल तर 'सांगी ऱ्हायना'. आणि आईची चौकशी असेल तर 'माय कोठे गयी?' एवढंच. तिथे 'शे'ला कामच नाही.

शब्द कुणीही उचलतो. 'आंडोर' म्हणजे मुलगा, एवढं शिकून कुणी अहिराणी होत नाही. क्रियापद मात्र चोरता येत नाही, कारण तो शब्द नसतो, ते अख्खं कोष्टक असतं. भाषा रचणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. श्लायर नावाच्या जर्मन पाद्र्यानं १८७९ मध्ये व्होलाप्युक ही भाषा काढली. शब्द बरेचसे इंग्रजी आणि जर्मनमधलेच, पण ओळखू येणार नाहीत इतके मुरगाळलेले. खरी मेहनत त्यानं घेतली क्रियापदावर : पुढे काळाचा प्रत्यय, मागे पुरुषाचा, कर्मणी करायचं तर आणखी पुढे एक 'प'. कोष्टक इतकं वाढलं की पाठ करणारे थकले. मग १८८७ मध्ये झामेनहोफनं एस्परांतो आणली आणि सगळं खरडून टाकलं. वर्तमानकाळाला 'आस', भूतकाळाला 'इस', भविष्याला 'ओस'. मी असो, तू असो, ते पन्नास जण असोत, प्रत्यय तोच. 'मी करतो' हे एस्परांतोत : मि फारास.

आता हे धुळ्याच्या बसस्टँडवर म्हणून बघा. मी करस.

'मी' तोच, शेवटचा 'स' तोच. एवढंच नाही : मी करस, तू करस, तो करस. तिघांना एकच रूप. बाई म्हणाली तरी 'मी करस', पुरुष म्हणाला तरी 'मी करस'. प्रमाण मराठीतला 'करतो-करते'चा भेद इथे नाहीच. वॉर्सात बसून एका डोळ्यांच्या डॉक्टरनं सोपेपणासाठी जे ठरवलं, ते पांझरेच्या काठी कुणी न ठरवता चालू होतं. नात्यागोत्याचा प्रश्न नाही, निव्वळ योगायोग आहे. पण एस्परांतोच्या या सोपेपणाला जग बुद्धिमत्ता म्हणतं आणि 'मी करस'ला आपण गावंढळ म्हणतो, याची थोडी लाज वाटायला हरकत नाही.

(विनोबांना हा योगायोग आवडला असता. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. त्यांनी तिथे दर रविवारी दिलेली गीतेवरची प्रवचनं साने गुरुजींनी उतरून घेतली. पुढे पदयात्रेच्या काळात विनोबा एस्परांतोही शिकले. भाषांची भूक असलेला हा माणूस.)

योगायोग इथेच संपतो, आणि खरी गंमत इथून पुढे आहे. अनेकवचनात एस्परांतो जागची हलत नाही. अहिराणी हलते : आम्ही करतस, त्या करतस. भूतकाळात ती लिंगही बघते : तो उना, ती उनी. आणि भविष्यात तर तिघांची तीन तोंडं : मी करसू, तू करशी, तो करी. म्हणजे वर्तमानात जे तिघं एका पंगतीला बसले होते, ते उद्याचं नाव काढताच वेगवेगळे उठले. कागदावर भाषा रचणारा कुठलाही शहाणा माणूस हे करणार नाही. यातून 'वर्तमान सगळ्यांचं, भविष्य ज्याचं त्याचं' असला काहीतरी अर्थ काढायचा मोह होतो. काढू नये. वापरून वापरून उंबऱ्याला खड्डा पडावा तसं हे झालं आहे. त्यामागे तत्त्वज्ञान नाही, वहिवाट आहे. आणि नकली अहिराणी बोलणारा सापडतो तो याच खड्ड्यात अडखळून. त्याला वर्तमानकाळ कसाबसा जमतो, भविष्यकाळात तो हमखास पुण्याला पोचतो.

क्रियापदाची ही कसोटी रीलांपुरती नाही. बहिणाबाई चौधरींना 'अहिराणीच्या कवयित्री' म्हणणारे लेख दर डिसेंबरात, त्यांच्या पुण्यतिथीला, फिरतात. बहिणाबाई असोद्याच्या, जळगावच्या. त्यांची बोली लेवा. 'ले' हा प्रत्यय दोन्हीकडे आहे, 'व्हतं' आहे, म्हणून घोटाळा होतो. पण १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आलेल्या त्या संग्रहातली क्रियापदं बघा : वर्तमानात 'तो-ते', भूतकाळात 'ला-ली'. 'करस' नाही, 'उना' नाही. जळगावच्या पूर्वेचा यावल-रावेरचा पट्टा आणि पश्चिमेचा धुळे-मालेगावचा, यांच्यातली वेस नदीनं आखलेली नाही, क्रियापदानं आखलेली आहे. बहिणाबाईंना अहिराणीत ओढल्यानं त्यांची थोरवी वाढत नाही, आणि दोन बोलींची ओळख मात्र एकाच वेळी पुसली जाते. खानदेश म्हणजे एकच आवाज, असं ज्यांना वाटतं त्यांनी खानदेश नकाशावरच पाहिलेला असतो.

ग्रियर्सननं क्रियापदांकडे बघितलं होतं. त्याच्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या नवव्या खंडात (१९०७) खानदेशी मराठीच्या खंडात नाही, भिल्ली भाषांच्या शेजारी आहे. त्याचा निवाडा आज सगळ्यांना मान्य होईल असं नाही. अहिराणीवर मराठीचं पाणी भरपूर चढलं आहे. पण जनगणनाही खानदेशी वेगळी मोजते : २००१ मध्ये सुमारे २० लाख ७५ हजार, २०११ मध्ये सुमारे १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दोन लाखांहून जास्त माणसं कमी. ती सगळी गप्प बसली असतील असं मला वाटत नाही. बरेच जण घरात 'करस' म्हणून दारातल्या मोजणीदाराला 'मातृभाषा मराठी' सांगत असणार. आणि का सांगू नये? ज्या भाषेचा उपयोग लोकांना हसवण्यापुरताच होताना दिसतो, ती सरकारी कागदावर कोण लावेल?

गंमत म्हणजे मराठी क्रियापदांचा मोठा खजिना धुळ्यातूनच बाहेर आला. वि. का. राजवाडे १९२६ मध्ये इथेच वारले. त्यांनी जमवलेला धातुकोश राजवाडे संशोधन मंडळानं १९३७ मध्ये छापला. अहिराणीसाठी डॉ. रमेश सूर्यवंशींनी शब्दकोश केला, सुधीर देवरे यांनी 'ढोल' हे नियतकालिक चालवलं. म्हणजे सामान आहे. कमी आहे ती जागा. आपल्या कथा-कादंबऱ्यांत बोली बहुतेक वेळा अवतरणचिन्हांच्या कुंपणात असते : पात्रं बोलीत बोलतात, लेखक प्रमाण मराठीत सांगतो. संवादात 'उना', आणि कुंपणाबाहेर पडलं की लगेच 'तो आला'. जग पाहण्याचं काम लेखकाचं, बोलीचं काम चव आणण्याचं. रीलवाल्याचा 'शे' आणि कादंबरीतलं हे कुंपण, यांत मला फक्त सभ्यतेचा फरक दिसतो.

मला हवं आहे ते तीनशे पानांचं अहिराणी निवेदन. विनोदी नको, मातीचा वास वगैरे नको. एखादी खुनाची गोष्ट चालेल, कापसाच्या व्यापाऱ्याच्या दिवाळखोरीची चालेल. 'तो उना. बठना. पानी पिना.' प्रमाण मराठीच्या 'ला-ला-ला'ला सरावलेला कान पहिल्या पानावर ठेचकाळेल. दहाव्या पानापर्यंत 'ना' ऐकू येणं बंद होईल आणि फक्त तो माणूस दिसायला लागेल : दारातून आत आलेला, खाटेवर टेकलेला, पाणी पिऊन आता कुणाचं नाव घेतो याची वाट बघायला लावणारा.