‘त्याग’ : अर्थ आणि उपयोजन

मराठीत सोडणे, टाकणे, वर्ज्य करणे अशी अनेक क्रियापदे असली तरी आदराचे वलय लाभले आहे ते ‘त्याग’ या शब्दाला. वस्तुतः संस्कृत ‘त्यज्’ धातूचा अर्थ केवळ सोडणे एवढाच आहे. त्यात स्तुती अनुस्यूत नाही. ‘परित्यक्ता’ हा शब्दही त्याच धातूपासून सिद्ध झाला आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

या शब्दाला लाभलेल्या प्रतिष्ठेचे एक मूळ यज्ञ व दान या विधींत सापडते. आहुतीच्या वेळी यजमान ‘न मम’ म्हणतो, तो त्यागाचा उच्चार होय. धर्मशास्त्रानुसार दान म्हणजे वस्तूवरील स्वतःचे स्वत्व संपवून तेथे दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे. अर्थात जे आपले नाही अथवा जे आपल्या इच्छेने सुटलेले नाही, त्याचा त्याग संभवत नाही. ‘हक्कावर पाणी सोडणे’, ‘घरादारावर तुळशीपत्र ठेवणे’ हे वाक्प्रचार याच विधींची स्मृती जपतात. दोहोंत पाणी सोडणारा, पान ठेवणारा हात स्वतःचाच असतो. गीतेच्या अठराव्या अध्यायातील फलत्यागाचा विचारही कर्ता गृहीत धरूनच चालतो.

आधुनिक उपयोजनात मात्र हा कर्ताच संदिग्ध झालेला दिसतो. कोयना धरणात गावे गेलेल्यांनी राज्यासाठी ‘त्याग केला’, असे भाषणांतून व गौरवलेखांतून सर्रास म्हटले जाते. ज्या १८९४ च्या कायद्याने जमिनी संपादित होत, त्यात जमीनधारकाला हरकत नोंदविता येई. त्याची संमती आवश्यक नव्हती. (२०१३ च्या कायद्यात संमतीची अट आली, तीही खासगी व भागीदारीतील प्रकल्पांपुरती.) येथे व्याकरण वस्तुस्थितीच्या विरोधात उभे राहते : संपादनाच्या आदेशात जो कर्म असतो, तो भाषणात कर्ता होतो. त्याग करणाऱ्याचे ऋण कृतज्ञतेने फिटले असे मानता येते. ज्याचे घेतले गेले, त्याचे देणे मात्र हिशेबाने चुकवावे लागते. या दृष्टीने ‘धरणग्रस्त’ हा रूक्ष सरकारी शब्द अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. कोणी कोणाला गिळले, हे तो लपवीत नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला, तेव्हा कोयनेचे पाणी गावांवर चढून दशक उलटले होते.