एकच अभंग, दोन गळे

भजनाला उभे राहिल्यावर रूपाचे अभंग आधी का घेतात, याचा कधी विचार केलात का? विठ्ठल तेव्हा पंढरीत असतो, आपण कोल्हापुरात एखाद्या गल्लीतल्या मांडवात. पण चाल धरली, मृदंगावर थाप पडली, की विटेवरचे रूप डोळ्यांपुढे उभे राहते. कानाने पाहण्याची ही सवय आपल्याला लहानपणापासून आहे. म्हणून पडद्यावरचे चित्र आणि आवाज मिळून मनाला कसे हलवतात, हे पारखायला वारकऱ्याने संकोचू नये.

त्यासाठी ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ पुन्हा पाहा. १९३६ सालचा हा बोलपट झाला पुण्यात, पण हात कोल्हापूरचे. ‘प्रभात’ १९२९ मध्ये कोल्हापुरातच निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल दोघेही बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले. फत्तेलालांची नजर चित्रकाराची. दामलेही मूळचे रंगकामातले, पण बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रण त्यांनी अंगावर घेतले. डोळा आणि कान असे एका घरात नांदले.

आरंभीचाच प्रसंग घ्या. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा अभंग गात आहेत, साधेपणाने, आपल्याच तंद्रीत. मग तोच अभंग सालोमालोच्या तोंडी येतो, नाटकी ढंगाने, स्वतःच्या नावावर खपवलेला. शब्द तेच. तरी पहिल्या गाण्याला आपला हात नकळत टाळीला जातो आणि दुसऱ्याला हसू येते. शब्दांत काही फरक नसताना भाव बदलला कशाने? गळ्याने आणि मुद्रेने. घरी एक करून पाहा: एकदा आवाज बंद करून हा भाग बघा, एकदा डोळे मिटून ऐका. तुकोबांच्या वेळी दोन्हींतून एकच माणूस भेटतो.

या मेळाची ताकद केवढी, तर बीज आणि वृक्षाचा दाखला देणारा या चित्रपटातला अभंग कवी शांताराम आठवले यांनी लिहिलेला. चाल केशवराव भोळ्यांची. पण पागनिसांच्या मुखातून तो असा उतरला की अनेकांनी तो गाथेतलाच मानला. हे कौतुक खरेच, पण त्यात सावध करणारेही काही आहे. पाहिलेले आणि ऐकलेले जुळले, की मन पुरावा मागत नाही.

चमत्कारांचे प्रसंग मला तितके पटत नाहीत. वैकुंठाच्या विमानापुढे डोळे दिपतात, पण मन ओढ घेते गौरीबाईंच्या जिजाईकडे. तुकोबा बोलावतात तरी ती संसार सोडून निघत नाही.

आता आपल्या दारातले पाहू. आषाढी एकादशीला कोल्हापुरातून नंदवाळला पायी दिंडी जाते, वाटेत पुईखडीला रिंगण होते. संध्याकाळपर्यंत त्याच्या चित्रफिती मोबाईलवर फिरू लागतात. वरून टिपलेले गोल रिंगण, संथ केलेली घोड्याची दौड. आणि खाली कुठल्याशा लढाईच्या सिनेमातले ढोल. अंगावर काटा येतो हे मी नाकारत नाही. पण तो काटा ढोलांचा आहे. टाळकऱ्यांचे ओठ हलताना दिसतात आणि नाम ऐकू येत नाही. ज्या पोराने रिंगण कधी उभे राहून पाहिले नाही, त्याला तिथे असेच वाजत असते असे वाटले तर नवल काय? उद्या तो खरोखर आला आणि टाळ-मृदंगाचा साधा ठेका ऐकून हिरमुसला, तर दोष त्याचा नव्हे.

बोट फक्त पोरांकडे नको. आपल्या मांडवात तरी काय चालले आहे! एको इतका चढवतात की महाराजांचे प्रमाण ऐकूच येत नाही, नुसता घुमारा येतो, आणि करुण प्रसंगी मागून कीबोर्डचा सूर सुटतो. श्रोते डोळे पुसतात. चरणाने रडवले की कीबोर्डने, हे ऐकणाऱ्याने स्वतःलाच विचारावे.

यंदा पुईखडीला मोबाईल वर धराल, तेव्हा धावणाऱ्याची धाप, चिखलातली पावले, शेजारच्या आजींचा बेसूर गजर, जे येईल ते येऊ द्या. घरी जाऊन त्यावर दुसरे काही चिकटवू नका.