घाऊक चित्रपटांतून घडलेला दिग्दर्शक

कोरियन चित्रपटाची चर्चा हल्ली ‘पॅरासाइट’पासून सुरू होते. 2019 मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार आणि पुढच्याच वर्षी चार ऑस्कर मिळाल्यावर ते स्वाभाविकही आहे. पण या यशाची पाळंमुळं शोधायची, तर इम क्वोन-तेक यांच्यापर्यंत मागे जावं लागतं. त्यांचा पहिला चित्रपट 1962 चा, 102 वा 2014 चा. कोरियन चित्रपटाचं बळ आणि त्याची जुनी दुखणी या एकाच कारकिर्दीत शेजारी शेजारी दिसतात.

इम दक्षिण जोल्ला प्रांतातल्या जांगसोंगचे. घरची माणसं डाव्या चळवळीतली, त्यामुळे कोरियन युद्धाच्या काळात कुटुंबाची वाताहत झाली. कोवळ्या वयात ते बुसानला पळाले, अंगमेहनतीची कामं केली आणि अमेरिकन सैन्याचे बूट विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाताखाली राबले. हे व्यापारी पुढे सोलमध्ये चित्रपटधंद्यात शिरले आणि त्यांच्यामागोमाग इमही गेले. कलेच्या ओढीपेक्षा त्यात पोटाची निकड अधिक होती.

पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीतल्या चित्रपट कायद्याने निर्मितिसंस्थांवर दरवर्षी ठरावीक संख्येने चित्रपट काढण्याची सक्ती केली. परदेशी चित्रपट आयात करण्याचे परवानेही देशी निर्मितीशी जोडले गेले. खरा नफा आयातीत होता. त्यामुळे देशी चित्रपट स्वस्तात आणि झटपट उरकणारा दिग्दर्शक सगळ्यांना हवासा वाटे. पहिल्या दहा वर्षांत इम यांनी पन्नासच्या आसपास चित्रपट काढले: मारधाड, दरबारी कारस्थानं, युद्धकथा. यातले बहुतेक विसरण्याच्याच लायकीचे, असं त्यांचं स्वतःचंही मत होतं. ‘जाबचो’पासून (1973) ते जाणीवपूर्वक वेगळी वाट शोधू लागले.

विशेष म्हणजे, ही वाट सापडायला सरकारी व्यवस्थाच कामी आली. ‘उत्कृष्ट चित्रपट’ ठरलेल्या कृतीच्या निर्मात्याला आयातीचा हक्क बक्षीस मिळे, म्हणून गंभीर विषयावर पैसा लावण्याची तयारी निर्माते दाखवू लागले. जपानी राजवटीतल्या नामांतराच्या सक्तीवरचा ‘जोकबो’ (1978) याच वातावरणातला. दोन बौद्ध भिक्षूंच्या भटकंतीतून श्रद्धेची उलटतपासणी करणाऱ्या ‘मांदारा’ने (1981) इम यांची खरी ओळख घडवली. घाईच्या वर्षांत हात इतका बसला होता, की आता कॅमेरा स्थिर ठेवून थांबण्याचं धाडस त्यांना परवडलं. छायालेखक जोंग इल-सोंग यांच्या सोबतीने निसर्ग, रस्ते आणि चालणारी माणसं ही त्यांची भाषा झाली.

या भाषेचा कळस म्हणजे ‘सोप्योन्जे’ (1993). ‘तेबेक पर्वतरांग’ या डाव्या-उजव्या संघर्षावरच्या महाकादंबरीचा चित्रपट सरकारी दबावामुळे लांबला, म्हणून मधल्या काळात इम यांनी हा छोटा चित्रपट हाती घेतला. विषय पान्सोरी या कोरियन गायकीचा. एक गायक आणि एक ढोलवादक. आपल्या कीर्तनकारासारखा हा गायकही गद्य, गाणं आणि अभिनय यांतून एकट्याने तासन्‌तास कथा उभी करतो. देशी चित्रपटांचा बाजारातला वाटा तेव्हा सुमारे 16 टक्क्यांवर घसरला होता. अशा वेळी मरू घातलेल्या गायकीवरच्या या चित्रपटाला एकट्या सोलमध्ये दहा लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले. कोणत्याही कोरियन चित्रपटाला हे आधी जमलं नव्हतं. त्यात एके ठिकाणी चोंगसान बेटावरच्या दगडी कुंपणांमधून बाप, मुलगी आणि मुलगा गात गात दुरून जवळ येतात. पाच मिनिटांहून लांब, एकच अखंड दृश्य. पोटात अन्न नसलेली ही माणसं गाण्याच्या बळावर नाचू लागतात, तेव्हा कला माणसाला कशी तारते हे कुणी वेगळं सांगायची गरज उरत नाही.

तरीही या चित्रपटाला निव्वळ वंदन करून चालणार नाही. मुलीच्या आवाजात दुःख उतरावं म्हणून बाप तिला आंधळं करतो, आणि चित्रपट या क्रौर्याला कलेच्या परिपूर्णतेची पायरी मानतो. राष्ट्राची वेदना स्त्रीच्या देहावर कोरायची, ही इम यांची सवय ‘सिबाजी’तही (1987) दिसते. वंशासाठी गर्भ भाड्याने देणाऱ्या मुलीच्या त्या भूमिकेसाठी कांग सू-योन यांना व्हेनिसचा पुरस्कार मिळाला. या सवयीवरचा स्त्रीवादी समीक्षकांचा आक्षेप मला पूर्ण पटतो. शिवाय ‘सोप्योन्जे’तल्या मुला-मुलीच्या शेवटच्या भेटीत, रात्रभर चाललेलं गाणं ऐन रंगात आलेलं असताना गायिकेचा आवाज मागे सारून पार्श्वसंगीत पुढे येतं. जिच्यासाठी चित्रपट काढला त्या कलेवर दिग्दर्शकाने तिथे पूर्ण भरवसा ठेवला नाही.

तो भरवसा ‘चुनह्यांग’मध्ये (2000) दिसतो. चो सांग-ह्योन यांच्या पान्सोरीचं ध्वनिमुद्रण हाच या चित्रपटाचा कणा. गायकाच्या लयीवर दृश्यं कापली आहेत, पात्रांची पावलं ढोलावर पडतात. कानच्या स्पर्धा विभागात दाखल झालेला हा पहिला कोरियन चित्रपट. 2002 मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारावरच्या ‘चिह्वासोन’साठी इम यांना तिथे दिग्दर्शनाचा पुरस्कारही मिळाला. मला मात्र ‘चुनह्यांग’ अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात चित्रपट गाण्याचा शिष्य होतो.

2007 मध्ये ‘सोप्योन्जे’च्याच धाग्यावर शंभरावा चित्रपट आला आणि प्रेक्षकांनी पाठ फिरवली. दरम्यान चित्रपटगृहांत देशी चित्रपटांसाठी वर्षाकाठी राखून ठेवायचे दिवस 2006 मध्ये 146 वरून 73 वर आले होते. मोजक्या मोठ्या कंपन्यांकडे वितरण आणि पडदे दोन्ही एकवटले होते. ‘सोप्योन्जे’ एका चित्रपटगृहातून महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेला. आता पहिल्या आठवड्यातच निकाल लागतो. कसलेले आणि नामवंत दिग्दर्शक यातूनही वाट काढतात. ज्याला अजून आपला सूर सापडायचा आहे, त्याचं काय?

हुकूमशाहीतली ती सक्तीची, सेन्सॉरने जखडलेली व्यवस्था परत यावी असं कुणीही म्हणणार नाही. पण तिच्या पोटात एक गोष्ट नकळत घडली: एका सामान्य कारागिराला चुकण्यासाठी आणि शिकण्यासाठी भरपूर वर्षं मिळाली. तेवढी सवड आता स्वातंत्र्यात, जाणीवपूर्वक निर्माण करावी लागेल. पुरस्कारांची यादी कितीही लांबली, तरी नवख्याला दुसरा, तिसरा, दहावा चित्रपट करू देण्याची सोय नसेल, तर कोरियन चित्रपटाला पुढचा इम क्वोन-तेक मिळणार नाही.