जोकरने भेग पाडली की दाखवली?

मंडळी, आज थिसिस थोडा बाजूला. पण लॅबमधली एक टेस्ट सिनेमाला लावून बघायची आहे.

धातूच्या तुकड्याला बारीक भेग असली तर ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मग त्यावर रंगीत द्रव लावतात, तो मुरला की वरचा पुसून घेतात आणि पांढरी पावडर मारतात. भेगेत अडकलेला रंग पावडरीत उतरतो आणि लाल रेघ उमटते. रंगाने भेग पाडलेली नसते, फक्त दाखवलेली असते.

ख्रिस्तोफर नोलनचा ‘द डार्क नाइट’ (२००८) परत पाहताना हीथ लेजरचा जोकर मला या रंगासारखा वाटला. तो सुरुवातीलाच लुटतो ती बँक माफियाचा पैसा सांभाळणारी. सरकारी वकील हार्वे डेंट गॉर्डनला त्याच्या पथकातल्या पोलिसांबद्दल आधीच सावध करतो. गॉर्डनचं उत्तर साधारण असं, की डागाळलेले सगळे वगळले तर मी एकटाच उरेन! पुढे डेंट आणि रेचेलला सापळ्यात पोचवतात ते याच पथकातले लोक. त्यातल्या रामिरेझने पैसे घेतले ते आईच्या हॉस्पिटलच्या बिलांसाठी. भ्रष्टाचार म्हटलं की आपल्याला गब्बर पुढारी आठवतो. इथे तो घरखर्चाच्या वाटेने आत शिरलाय.

जोकरला ‘वेडा’ म्हणणं शहराला सोयीचं आहे. वेड्याला उत्तर द्यावं लागत नाही ना! पण हॉस्पिटलमध्ये तो डेंटला जे सांगतो ते वेडेपणाचं नाही: गुंड मेले, सैनिक मेले तर कुणी हलत नाही, कारण ते ‘ठरल्याप्रमाणे’ असतं, महापौराच्या जिवावर बेतलं की सगळे हादरतात.

म्हणून जोकर बरोबर ठरतो का? नाही. संशोधक म्हणून तो अगदीच कच्चा आहे. दोन बोटी, एकीत कैदी, दुसरीत नागरिक, आणि प्रत्येकीच्या हातात दुसरी उडवायचं बटण. नागरिक तर मतदान घेऊन उडवायचंच ठरवतात, पण स्वतःच्या हाताने बटण दाबायला कुणी धजत नाही. तिकडे एक कैदी ते बटण सरळ खिडकीबाहेर फेकतो. मध्यरात्र होते आणि जोकर काय करतो? स्वतःच दोन्ही बोटी उडवायला निघतो. निकाल पटला नाही म्हणून डेटाच बदलायचा!

माझं खरं भांडण मात्र शेवटाशी आहे. लोकांवर विश्वास टाकता येतो हे बोटींवर नुकतंच दिसलेलं असतं. तरीही बॅटमन आणि गॉर्डन डेंटचे खून लपवतात, लोकांना सत्य झेपणार नाही म्हणून. हासुद्धा डेटा बदलणंच झालं. २०१२च्या पुढच्या भागात याच खोट्यावर ‘डेंट कायदा’ उभा असतो. मग बेन गॉर्डनचं लपवलेलं भाषण भर रस्त्यात वाचून दाखवतो आणि तुरुंगाची दारं उघडतो. भेगेवर रंगरंगोटी केली की ती बुजत नाही, आतल्या आत वाढत राहते.

तेव्हा जोकरचे डायलॉग स्टेटसला जरूर ठेवा. फक्त ‘सगळेच चोर’ हा त्याचा निष्कर्ष उचलण्याआधी त्या बोटी आठवा. आणि ‘लोकांना कळलं तर गोंधळ होईल’ असं कुणी साहेब म्हणाले, तर गॉर्डनही आठवा.