साक्ष आणि सामग्री

आदिवासी साहित्याच्या चर्चेत ‘अस्मिता’ हा शब्द इतक्या सैलपणे वापरला जातो, की हक्काच्या प्रश्नाशी असलेले त्याचे नाते दृष्टिआड होते. ते नाते वाङ्मयाबाहेरच्या एका दस्तऐवजात अधिक स्पष्ट दिसते. 2006च्या वनहक्क कायद्याखालील 2008च्या नियमांनी, दाव्याचे पुरावे सांगताना, विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने यांच्या जोडीला दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदनही ग्राह्य धरले आहे. वृद्धाची आठवण येथे साक्ष ठरते. (छाननीत ती पुष्कळदा डावलली जाते, ही गोष्ट वेगळी.) मराठी समीक्षेने मात्र असे मौखिक कथन ‘लोकवाङ्मय’ या सदरात टाकून त्याला सामग्रीचा दर्जा दिला. सामग्री गोळा करता येते, तिचे वर्गीकरण करता येते. तिला उत्तर द्यावे लागत नाही.

गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (1970) या ग्रंथाचे वाचन या दृष्टीने पुन्हा व्हावयास हवे. ठाणे जिल्ह्यातील 1945च्या वारली लढ्याचे हे कथन कार्यकर्तीच्या आठवणी म्हणून वाचले जाते. वस्तुतः वेठबिगार आणि लग्नगडी यांविषयीचा त्यातील तपशील वारल्यांच्या सांगण्यावर उभा आहे, आणि परुळेकरबाई ते सांगणे साक्ष म्हणूनच ऐकतात. तथापि शीर्षकातील ‘माणूस’ जागा होत असताना त्याच्याकडे पाहणारी नजर त्याच्याबाहेरची आहे. हा दोषारोप नव्हे. निवेदकाच्या स्थानाची ती मर्यादा आहे.

शहाद्याच्या श्रमिक संघटनेत घडलेल्या वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ने (1987) हे स्थान बदलले. भिलोरी आणि मराठी यांचे सान्निध्य हा या संग्रहाचा केवळ तांत्रिक विशेष नाही. आपण मात्र मराठीपुरते वाचतो आणि भिलोरीला अस्सलपणाची खूण मानून पुढे जातो. म्हणजे पुन्हा सामग्रीच.

नियमांतील ‘लेखी नोंदविलेले’ या शब्दांत हीच अडचण आहे. सांगणारा भिलोरीत किंवा गोंडीत सांगतो. कागदावर उतरते ते बहुधा मराठी. या उतरण्यात काय गळते, हे सांगणे समीक्षेचे काम होते. आदिवासी साहित्याच्या निकषांवर प्रबंध मंजूर करणाऱ्या आपल्या अभ्यासमंडळांत यांपैकी एक तरी भाषा वाचू शकणारे परीक्षक किती आहेत, याची मोजदाद प्रथम व्हावी.